मोरेश्वर कंट्रोलरांचं म्हणणं

मोरेश्वर तांडेल वारले तेव्हा आमच्या दैनिकात त्यांची बातमी चार ओळींची आली. एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक, वेळखारचे रहिवासी, अल्पशा आजाराने निधन, मागे पत्नी. ओळी मीच लिहिल्या होत्या आणि त्यांत चूक काही नव्हती. निधनाच्या बातमीत माणूस काय मानत होता हे लिहायची पद्धत नाही. असती, तरी ती ओळ मला लिहिता आली नसती. इतक्या वर्षांच्या ओळखीत स्वतःला काय वाटतं ते त्यांनी एकदाही सांगितलं नाही. दुसऱ्याला काय वाटतं ते मात्र त्यांच्याइतकं नेमकं सांगणारा माणूस मी पाहिलेला नाही.

वेळखार हे गाव रेवदंड्याहून मुरुडकडे जाताना रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे. कोळीवाडा, त्याच्या टोकाला मुसलमानांचा छोटा मोहल्ला आणि मधे बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडींची रांग. गावात त्यांना सगळे कंट्रोलर म्हणत, जवळचे मोरूनाना. अंगाने किरकोळ, मान किंचित डावीकडे कललेली. खिडकीच्या गजांतून ऐकण्यासाठी कान पुढे करायची ती सवय होती, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. गाडी दिसायच्या आधी इंजिनाच्या आवाजावरून ती कुठली ते सांगत आणि ते बहुधा बरोबर असे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तालुक्याच्या स्टँडवर, चौकशीच्या खिडकीमागे. बातमीच्या कामाने मी त्या पट्ट्यात फिरत असे आणि गाडी चुकली की त्यांच्या खिडकीशी उभा राहत असे. कुणी काही विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. आधी म्हणत, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की..." आणि त्या माणसाचा प्रश्न त्यालाच परत ऐकवत. तो "हो" म्हणाला की मग उत्तर. घाईतली माणसं यावर वैतागत. ज्यांना खरोखर कुठे जायचं असे ती सहसा वैतागत नसत.

याचं कारण मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "खिडकीवर भांडण कशानं होतं? माणूस विचारतो एक, आपण उत्तर देतो दुसऱ्याचंच. तो विचारतो गाडी किती वाजता पोचंल. त्याला विचारायचं असतं, आई हाय तवर मी पोचंन काय. वेळ सांगून भागत न्हाय. आदी त्याचं त्याला परत द्यायचं. मग तोच खरं काय ते बोलतो."

या सवयीपायी त्यांना एकदा वरिष्ठांकडून खुलासा मागणारं ज्ञापनही मिळालं होतं. मासळीची पाटी घेऊन एक कोळीण अलिबागच्या गाडीत चढली होती आणि एका गृहस्थांनी खिडकीशी येऊन तक्रार केली, की वासाने बसवत नाही, तिला पुढच्या गाडीने पाठवा. मोरेश्वरांनी नेहमीप्रमाणे त्यांचं म्हणणं त्यांना परत ऐकवलं. फरक एवढाच, की समोर ध्वनिक्षेपक चालू होता. "अलिबागकडे जाणाऱ्या एका प्रवाशांचं म्हणणं असं आहे, की मासळीची पाटी असलेल्या बाईंनी उतरून पुढच्या गाडीने जावं. पुढची गाडी अडीच तासांनी आहे. प्रवाशांनी हे म्हणणं बरोबर आहे का ते सांगावं." सगळा स्टँड वळून बघू लागला. गृहस्थ म्हणाले, "मी असं म्हटलं नाही." मोरेश्वर ध्वनिक्षेपकातच म्हणाले, "मग कसं म्हटलं?" गृहस्थ गाडीत जाऊन पुढच्या बाकावर बसले. पाटीवाली बाई खिडकीतून ओरडून म्हणाली, "कंट्रोलर, मासली घराकडं देऊ काय?" वरिष्ठांनी विचारलं तेव्हा मोरेश्वरांनी ध्वनिक्षेपक बंद करायचा राहिला, असं उत्तर दिलं. ते खरं होतं की नाही हे मी त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की मी मुद्दाम केलं."

मी म्हटलं, "हो."

त्यांनी घड्याळ बघितलं आणि माझी गाडी फलाटाला लागल्याचं सांगितलं.

निवृत्त झाल्यावर ते गावी येऊन राहिले. तोवर रस्ता रुंद होऊन वर सरकला होता आणि जुना एसटी थांबा खालीच, सुरूच्या झाडांत राहून गेला होता. सिमेंटची बाकं, पत्र्याचं छप्पर आणि भिंतीवर न थांबणाऱ्या गाड्यांचं रंगवलेलं वेळापत्रक. मोरेश्वर दुपारी तिथे जाऊन बसू लागले. डोल जाळ्यात मासळी यायला पाण्याला ओढ असावी लागते. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे दिवस आले, की पाणी मंदावतं आणि होड्या किनाऱ्याला राहतात. त्या दिवसांत माणसं जाळी घेऊन त्या सावलीत शिवायला येत. त्यातून बैठक सुरू झाली. सुरुवात नेमकी कशी झाली हे तिघांनी मला तीन प्रकारे सांगितलं, म्हणून ते सोडून देतो.

बैठकीत एका वेळी एकाने स्वतः काय मानतो ते सांगायचं. "लोक म्हणतात", "आपल्यात असं असतं", "पूर्वीपासून चालत आलंय" ही सुरुवात चालत नसे. कुणी "लोक" म्हटलं की मोरेश्वर विचारत, "कोण लोक? नाव सांग, त्याला बोलावून आणू." "मी" म्हणून बोलायचं. सिद्ध करायची गरज नाही. पण शेजारच्याला त्यावर काही बोलायचं असेल, तर आधी त्याने ते म्हणणं परत सांगायचं, बोलणारा "व्हय, ह्येच" म्हणेपर्यंत. तोवर त्याला स्वतःचं बोलायला बंदी.

हे ऐकायला सोपं वाटतं. मी स्वतः तीन-चार बैठकांना होतो. बहुतेकांना पहिल्या खेपेला जमत नसे.

मोहल्ल्यातले इस्माईलभाई जाळ्याचं सूत आणि दोर विकत. दुकान बंद करून चहाची किटली घेऊन येत. एका दुपारी ते म्हणाले, "मी मानतो, की जे व्हायचं ते लिहिलेलं असतं. म्हणून मी दुसऱ्याचा हेवा करत नाही. केला, तर लिहिणाऱ्याची चूक काढल्यासारखं होतं."

शेजारी बसलेला एक खलाशी म्हणाला, "इस्माईलभाईंचा म्हणना असा, की तुमच्यात नशिबाला मानतात."

"मी 'आमच्यात' म्हटलं नाही. मी 'मी' म्हटलं. आमच्यात हेवा करणारे भरपूर हायत, माझा भाऊच हाय."

"बरा. तुमचा म्हणना असा, की तुमच्या धर्मात..."

"अरे बाबा, धर्म घरी ठेवून आलोय. किटली घेऊन आलोय."

सगळे हसले. चौथ्या खेपेला त्या खलाशाने हेव्याची गोष्ट बरोबर पकडली आणि इस्माईलभाई "व्हय, ह्येच" म्हणाले. खलाशी म्हणाला, असं असेल तर मीपण तसाच हाय, फकस्त मना लिवणारा कोण ते ठावं न्हाय. इस्माईलभाईंनी त्याला पहिला चहा दिला. मोरेश्वर माझ्याकडे वळून म्हणाले, "गाडी भरली."

जुनी माणसं म्हणत, यात नवीन काय, गावकीत असंच असतं. ते पूर्ण बरोबर नव्हतं. गावकी म्हणजे गावातल्या घरांची जुनी पंचायत, ती देवळात बसते. पाटलाने एखादा ठराव मांडला, की दुसऱ्या भावकीतला एक जण उठून तो शब्दशः परत म्हणतो. परत म्हणणं म्हणजे मान्य असणं. मग नारळ फुटतो आणि विषय संपतो. थांब्यावर परत म्हणणं म्हणजे फक्त ऐकलं, एवढंच. मोरेश्वरांची नोकरी सगळी बाहेरगावी झाली. गावकीत ते फारसे कधी बसले नव्हते. हा फरक त्यांना माहीत होता का, यावर गावात आजही दोन मतं आहेत.

स्वतःची पाळी आली, की मोरेश्वर ती पुढे ढकलत. कधी तिकडून गाडी येतेय असं म्हणत, कधी आधी दुसऱ्याचं होऊ दे म्हणत. त्यांची पत्नी लक्ष्मीबाय एकदा भाकरीचं पीठ दळून येताना थांब्यावर थांबली. डोक्यावरचा डबा उतरवून बाकावर बसली आणि म्हणाली, "माझाबी एक हाय. मी मानते, की ह्या माणसाला सोताला काय वाटतं ते ह्यालाच ठावं न्हाय. म्हणून हा दुसऱ्याचा गोला करत बसतो."

मागे बसलेल्या बायका जास्त हसल्या. मोरेश्वरांनी मान कलती ठेवून ते जसंच्या तसं परत सांगितलं.

"व्हय, ह्येच," लक्ष्मीबाय म्हणाली. "आता तुजा सांग."

मोरेश्वरांनी घड्याळ बघितलं. लक्ष्मीबायने डबा उचलून डोक्यावर ठेवला. "गाडी आयली वाटतं ह्याची," ती म्हणाली आणि गेली.

यमुना त्या बैठकीला मागच्या बाजूला बसत असे. वय पन्नाशीच्या आतलं, सुक्या मासळीचा धंदा. होडीवरून बोंबील घ्यायचे, वलांडीवर वाळवायचे, बाजाराला न्यायचे. तिचा नवरा काही वर्षांपूर्वी समुद्रात बुडून गेला होता. त्या साली नारळी पुनवेला गावाचा मानाचा नारळ त्यानेच दर्याला दिला होता, आणि त्याच हंगामात तो गेला. तेव्हापासून गावात एक कुजबुज होती. नारळ देणाऱ्याच्या हातून काही विटाळ झाला असणार, एरवी दर्या मानकऱ्याला नेत नाही.

ती बोलली तेव्हा मी होतो. पाय पोटाशी घेऊन, समोरच्या वेळापत्रकाकडे बघत ती बोलली. "मी मानते, की दर्या देव न्हाय. दर्या पाणी हाय. पाण्याला माणूस कलत न्हाय नि नारलबी कलत न्हाय. माझ्या मानसानं काय वंगाळ केला म्हणून तो बुडला, असा मना कोणी सांगू नये. तो पाण्यात पडला म्हणून बुडला."

 तिच्या शेजारी तेव्हा रघुनाथ पाटील होते. गावकीचे पाटील, दोन होड्यांचे मालक. त्यांना बोलायचं होतं, म्हणून आधी तिचं म्हणणं त्यांनाच परत सांगावं लागणार होतं.

"हिचा म्हणना असा, की आमी दर्याची पूजा करताव ती खोटी."

"न्हाय, पाटील. तुमच्या पूजेचा मी काय बोलले न्हाय."

"हिचा म्हणना असा, की नवरा गेला म्हणून ही दर्यावर रागावली."

"रागवायला समोर कोण पायजे ना. पाण्यावर कोण रागावतं?"

 मग पाटलांनी हळूहळू, एकेक वाक्य करून सांगितलं. दर्या पाणी हाय. पाण्याला माणूस कलत न्हाय. तिच्या मानसाच्या हातून काय वंगाळ झाला न्हाय. तो पाण्यात पडला, म्हणून बुडला.

"व्हय, ह्येच," यमुना म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं.

पाटलांनी मग स्वतःचं सांगितलं. दर्यावर जाणारा माणूस कशाच्या तरी भरवशावर जातो. इंजिनाच्या भरवशावर कोणी जात न्हाय, इंजिन सगल्यांनी बघितलाय. तो दर्याला आई म्हणतो, म्हणून जातो. मी तिला आई न्हाय म्हटला, तर मना उद्या पाय उचलता येणार न्हाय. यमुनेने ते पहिल्याच खेपेला बरोबर परत सांगितलं. पाटील "व्हय, ह्येच" म्हणाले. दोघं एकमेकांना पटली नाहीत आणि दोघं आपापल्या घरी गेली. त्या दिवशी मोरेश्वर मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "आज वेळेवर सुटली." मी त्यांना इतकं खुशीत नंतर पाहिलं नाही.

पावसाळा संपून होड्या समुद्रात जायला लागल्या. पहिल्याच फेऱ्यांत पाटलांची एक होडी वाऱ्यात उलटली. दोन खलाशांना दुसऱ्या होडीने उचललं. पाटलांचा धाकटा भाऊ विठ्ठल मिळाला नाही. चार दिवस शोध चालला, मग थांबवला. त्याची बातमीही मीच दिली होती.

पुढे जे झालं ते गावात कुठेही झालं असतं. फरक पडला तो थांब्यावरच्या रीतीने. एरवी कुणी रागाच्या भरात काही बोललं, तर नंतर "मी तसा बोललो न्हाय", "माझा अर्थ तो नव्हता" अशी वाट असते. गावं त्या वाटेवरच चालतात. यमुनेला ती वाट नव्हती. तिचं वाक्य नेमकं होतं, सगळ्यांच्या साक्षीने तपासलेलं होतं आणि ते खुद्द पाटलांच्या तोंडून परत म्हटलं गेलं होतं. पाटील दुःखात येईल त्याला सांगत, "मी सोता म्हणून दाखवला. ती बोलली, व्हय, ह्येच. माझ्या तोंडून वदवून घेतला नि माझाच भाऊ गेला."

गावकीने यमुनेला निरोप पाठवला. समुद्रावर जाऊन नारळ द्यायचा, बोललेलं मागे घेतलं असं पाच माणसांसमोर म्हणायचं. नाही तर वाळीत. वाळीत टाकणं कायद्याने गुन्हा आहे, म्हणून तो शब्द कुणी वापरला नाही. गाव तिच्याशी बोलणार नाही, एवढंच सांगितलं. न बोलण्यात सगळं येतं. होडीवर तिला कुणी बोंबील देणार नाही, वलांडीची जागा विचारली तर उत्तर मिळणार नाही.

यमुना मोरेश्वरांच्या घरी आली. मी त्या दिवशी तिथेच होतो. लक्ष्मीबायने तिला पाटावर बसवलं.

"मागं घ्यायला माझा काय जातं, नाना?" यमुना म्हणाली. "दोन शब्द. पण मागं घेतला, तर मग माझा माणूस बुडला कशानं? त्याच्याच पापानं ना?"

मोरेश्वर म्हणाले, "म्हणजे तुझं म्हणणं असं, की शब्द मागं घेतले तर दोष त्याच्यावर जातो."

"व्हय, ह्येच. तुमी बोलाल ना गावकीत? बाईला थं बोलू देत न्हाय."

"बोलेन."

"तुमचा सोताचा बोलाल ना?"

"बोलेन म्हणालो ना."

लक्ष्मीबाय चुलीपासून म्हणाली, "काय बोलशील ते हितं बोल एकदा. मना आयकू दे."

"तिथंच बोलेन."

गावकी देवळाच्या सभामंडपात दुपारी बसली. बाहेरच्यांना आत जागा नसते. मी कठड्याबाहेर उभा होतो. आवाज स्वच्छ येत होता. यमुना बाहेरच्या पायरीवर बसली होती, शेजारी लक्ष्मीबाय.

पाटील उठले. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. ते म्हणाले, "मी कोणाचा वाईट चिंतत न्हाय. जो दर्यावर जातो, तो मागल्यांच्या भरवशावर जातो. मागं गावात कोणी बोलला की दर्या कोणाची न्हाय, तर जाणाऱ्याचा धीर सुटतो. धीर सुटला की हात सुटतो. माझ्या भावाचा हात कसा सुटला ते मना ठावं न्हाय. पण मना उद्या बाकीच्यांना पाठवायचा हाय. म्हणून यमुनेनं बोललेला मागं घ्यावा. न्हाय घेतला, तर गावानं तिच्याशी बोलू नये. हा माझा म्हणना."

मग मोरेश्वर उठले. ते पाटलांच्या भावकीतले नव्हते. मान डावीकडे कलती करून त्यांनी सुरुवात केली, "पाटलांचं म्हणणं असं, की..."

मी त्यांना अनेकदा ऐकलं होतं. त्या दिवशीचं सर्वांत नेमकं होतं. पाटलांना जिथे शब्द सापडले नव्हते तिथे त्यांनी ते दिले. भाऊ गेला त्याचा दोष कुणावर टाकायचा नाही, हेही सांगितलं. उद्या पहाटे होडीवर पाय ठेवणाऱ्याच्या मनात काय असतं ते सांगितलं. शेवटची अट शब्दशः सांगितली.  पाटील रडत होते. रडता रडताच ते म्हणाले, "व्हय, ह्येच."

म्हातारे म्हणाले, "व्हय, ह्येच." मग सगळा मंडप.

मोरेश्वर म्हणाले, "आता माझं..."

नारळ फुटला. गावकीच्या रीतीप्रमाणे ठराव मांडला गेला होता, दुसऱ्या भावकीतल्या माणसाने तो परत म्हटला होता. यापुढे काही उरत नव्हतं. मोरेश्वर उभेच होते. "थांबा, माझं राहिलंय," ते म्हणाले. एका म्हाताऱ्याने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "नारळ फुटल्यावर बोलायचा नसतं, कंट्रोलर. नि तू बोललास की. किती चांगला बोललास." कुणीतरी खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

मी पायरीकडे पाहिलं. यमुना उठून घराच्या दिशेने चालू लागली होती. लक्ष्मीबाय तिच्या मागून गेली.

प्रसादाचा तुकडा हातात धरून मोरेश्वर बाहेर आले, कठड्याशी माझ्यासमोर थांबले.  ते म्हणाले, "आधी त्याचं त्याला परत द्यायला पायजे होतं. त्याशिवाय त्यानं माझं ऐकलंच नसतं."

पुढचं थोडक्यात सांगता येतं. मी बातमी दिली, दोन परिच्छेद आले. पोलीस चौकीवरून हवालदार येऊन गेला. गावाने त्याला सांगितलं, आमी कोणाला वालीत टाकला न्हाय, बोलना न बोलना ज्याचा त्याचा. यमुनेने तक्रार दिली नाही. का, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पोलीस माझे बोंबील वालवतील काय?" त्या हंगामात तिच्या वलांडीवर काही चढलं नाही. इस्माईलभाईंनी तिला रेवदंड्याहून मासळी आणून द्यायचा प्रयत्न केला. मग त्यांच्या दुकानातून सूत घेणं गावाने कमी केलं आणि मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनीच त्यांना थांबवलं. लक्ष्मीबाय रोज उघडपणे यमुनेकडे जाऊन बसायची. गावकीने तिच्याकडे डोळेझाक केली. ठरावाला पाठिंबा देणाऱ्याची बायको म्हणून. हे तिला कळलं त्या दिवसापासून ती मोरेश्वरांशी कामापुरतंच बोलू लागली.

मोरेश्वर स्वतः यमुनेच्या दारात गेले नाहीत. पाटलांकडे गेले, तीनदा. प्रत्येक वेळी पाटलांनी त्यांना आदराने बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, की त्या दिवशी तुमी बोललात म्हणून मना धीर आला. मोरेश्वर ते ऐकून परत आले. शेवटच्या खेपेला तरी तुमचं सांगितलंत का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "त्याचं संपलं न्हवतं."

थांब्यावरची बैठक वेगळी बंद करावी लागली नाही. भांगाचे दिवस आले तेव्हा माणसं जाळी घेऊन आली आणि गप्प बसून शिवू लागली. एकाने "मी मानतो" म्हणून सुरुवात केली आणि मधेच थांबून सुई मागितली. पुढच्या भांगाला माणसं देवळामागच्या सावलीत बसली.

यमुना घर बंद करून उरणकडे बहिणीकडे गेली. कामानिमित्त मी न्हावा शेव्याच्या बाजूला गेलो असताना तिला शोधून भेटलो. एका शेडमध्ये बायकांच्या रांगेत बसून ती कोळंबी सोलत होती. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. गावाबद्दल तिने काही विचारलं नाही. मी निघताना म्हणाली, "नानांना एक विचारा. त्या दिवशी ते पाटलांचा बोलले, का सोताचा बोलले? मना येवढाच कलायला पायजे. मी पायरीवर होते, मना तर त्यांचाच वाटला."

ते विचारायला मी वेळखारला गेलो. ती आमची शेवटची भेट, हे तेव्हा माहीत नव्हतं. मोरेश्वर जुन्या थांब्यात एकटेच होते. छपराचा एक पत्रा उडाला होता. भिंतीवरच्या वेळापत्रकातली मुरुडची ओळ तेवढी वाचता येत होती. तब्येत उतरली होती, घड्याळ मनगटावर सैल झालं होतं. मी यमुनेचा निरोप तिच्या शब्दांत सांगितला.

त्यांनी मान कलती केली. "म्हणजे तिचं म्हणणं असं, की त्या दिवशी मी पाटलांचं बोललो की स्वतःचं बोललो, एवढंच तिला कळायला पाहिजे. पायरीवरून तिला ते माझंच वाटलं."

"व्हय, ह्येच," मी तिच्या वतीने म्हटलं.

ते बोलायला लागले असं मला वाटलं. ओठ उघडले होते. वर रस्त्यावर इंजिनाचा आवाज आला, आणि त्यांचा चेहरा तिकडे वळला. "ही मुरुडची," ते म्हणाले. "तुमची हिच्या मागून हाय. आता निघा, चढणीला वेळ लागतो."

मी थोडा थांबलो. त्यांनी पुन्हा सांगितलं, "निघा. चुकंल."

चढ चढून मी वर आलो. गाडी त्यांनी सांगितल्याप्रमाणे आली. वळणावर खाली सुरूची झाडं दिसतात आणि झाडांतून थांबा. मोरेश्वर तसेच बाकावर बसले होते, मान कललेली, समोर कुणी नाही. त्यांचे ओठ हलत होते. तो प्रश्न ते पुन्हा म्हणून बघत होते, की उत्तर देत होते, हे खिडकीतून ऐकू येण्यासारखं नव्हतं. त्यामुळे ते इथे लिहिता येत नाही.